दोघांचा आजार, एकटीचा केसपेपर

तालुक्या-तालुक्यांत, गावोगावी दवाखाने चालवणाऱ्या माझ्या व्यवसायबंधू-भगिनींनो,

भाषणाची सुरुवात माझ्याच एका चुकीने करते. आज मला जे सांगायचं आहे, ते मी त्या चुकीतून शिकले.

पस्तिशीच्या एक बाई अंगावरून पांढरं जातं म्हणून आल्या. फेसाळ स्राव, वास, खाज. ट्रायकोमोनासची शंका आली, मेट्रोनिडाझोल लिहून दिलं, आठ दिवसांत बरं वाटलं. दोन महिन्यांनी त्याच तक्रारीसाठी परत. पुन्हा तेच औषध. तिसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्या गोळीचा गुण टिकत नाही." गोळीत काही खोट नव्हती. त्यांचे यजमान दर महिन्याला रक्तदाब दाखवायला माझ्याकडेच येत, त्याच खुर्चीत बसत. हे जंतू पुरुषाच्या अंगात बहुधा काही त्रास न देता राहतात, हे मला पाठ होतं. तरी तीन वेळा औषध लिहूनही मी बाईंना एकदाही म्हटलं नाही, की यजमानांनाही ते घ्यावं लागेल. मला संकोच वाटला. घरात भांडण लागेल, बोभाटा होईल, असं मी स्वतःला सांगत राहिले आणि त्याची किंमत बाई मोजत राहिल्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात ट्रायकोमोनास, क्लॅमिडिया, परमा आणि उपदंश या चार संसर्गांची ३७ कोटी ४० लाख नवी प्रकरणं जगात झाली. चारही औषधाने बरे होणारे. मग ते पसरतात कसे? बहुतेकांना लक्षणंच नसतात, हे पहिलं कारण. दुसरं कारण आपल्या टेबलावर आहे. आपण केसपेपर एकाचा काढतो, बहुधा एकटीचा, आणि बरी झालेली बाई त्याच संसर्गात परत पाठवतो.

या आजारांना नावं ठेवतानाच माणसाने दोष दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकला आहे. सोळाव्या शतकात भावमिश्राने 'भावप्रकाश' ग्रंथात उपदंशासारख्या नव्या रोगाला 'फिरंग रोग' म्हटलं, कारण तो फिरंग्यांबरोबर आला असं मानलं गेलं. तिकडे युरोपात इटलीतले लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत होते आणि फ्रेंच लोक नेपल्सचा. आपल्याकडे 'गरमी' हा शब्द उरला, 'गुप्तरोग' उरला, 'बाहेरून आणलेलं' उरलं. दवाखान्यात बाई बसते तेव्हा हे सगळे शब्द तिच्याबरोबर आत आलेले असतात. म्हणून ती कंबरदुखी सांगते, अशक्तपणा सांगते. आपण कॅल्शियम लिहितो.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ६५० स्त्रियांना तपासलं, तर ९२ टक्के स्त्रियांना जननमार्गाचा किंवा लैंगिक संबंधातून येणारा एक ना एक आजार होता. त्याआधी कधीही अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. बाकीच्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्या अभ्यासाला इतकी वर्षं झाली, तरी माझ्या ओपीडीत पांढऱ्या पाण्याचा विषय अजूनही बाई उठून दाराशी गेल्यावर निघतो, आणि तोही मी विचारला तरच.

मात्र घाईही नको. कॅन्डिडाची खाज हा लैंगिक संसर्ग नव्हे. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांतला स्वच्छ स्राव तर आजारच नव्हे. नीट न तपासता शिक्का मारला, तर आपण एक संसार विनाकारण संशयात लोटतो. निदान पक्कं झालं की मी आता एवढंच सांगते: "हे जंतू जोडीत राहतात. एकाला त्रास होतो, दुसऱ्याला कळतही नाही. औषध दोघांनी बरोबरच घ्यायचं आणि ते संपल्यावर आठवडाभर संबंध ठेवायचा नाही." कुणाकडून आलं, असं विचारलं की सांगते, तपासणीतून ते कळत नाही. आणि ते खरंच आहे. ट्रायकोमोनास किंवा क्लॅमिडिया महिनोन्‌महिने गुमान बसून राहू शकतो. यजमानांशी बोलण्याआधी बाईंची संमती घ्यायची, आणि घरात मारहाणीची भीती आहे का हे त्याच्याही आधी विचारायचं. संमती नसेल तर तोंडून एक शब्दही जाता कामा नये.

उपदंशाबाबत तर आपल्या संकोचाची किंमत पोटातलं मूल देतं. गरोदरपणाच्या पहिल्याच भेटीत एचआयव्हीबरोबर उपदंशाची चाचणी व्हायलाच हवी. ती पॉझिटिव्ह आली आणि वेळेत बेन्झाथिन पेनिसिलिन मिळालं, तर मृत जन्म टळतो, बाळाचा जन्मजात उपदंश टळतो. चोवीस लाख युनिट, स्नायूतलं इंजेक्शन, स्वस्त. गरोदर बाईसाठी याला पर्याय नाही. पण रिअ‍ॅक्शनच्या भीतीने आपल्यापैकी अनेकांनी पेनिसिलिन टोचणंच सोडून दिलं आहे. ही भीती अ‍ॅड्रेनॅलिन हाताशी ठेवून आणि सराव करून जाते. आणि इथेही तेच: नवऱ्याची चाचणी आणि उपचार झाले नाहीत, तर ती बाई बाळंत होण्याआधी पुन्हा बाधित होऊ शकते.

प्रतिबंधाची गोष्ट करायची तर आधी 'निरोध'बद्दल बोलावं लागेल. १९६८ मध्ये हे नाव कुटुंबनियोजनासाठी घरोघर पोहोचलं आणि लोकांनी कंडोमला मूल टाळण्याचं साधन म्हणूनच ओळखलं. महाराष्ट्रात सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे बाईची शस्त्रक्रिया. ती झाली, की कंडोमचं घरातलं काम संपलं, असं दोघांनाही वाटतं. शस्त्रक्रियेने संसर्ग थांबत नाही, हे आपण टाके काढतानाच सांगायला हवं. मी स्वतः कित्येक वर्षं सांगत नव्हते.

एचपीव्हीने मात्र आपल्याला मोठी सोय करून दिली आहे. हा विषाणू संबंधातूनच पसरतो, पण इतका सर्रास, की लैंगिक आयुष्य असलेल्या बहुतेक माणसांना तो कधी ना कधी होऊन जातो. मग दोष द्यायचा कुणाला? गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं मूळ तोच. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या डॉक्टरांच्या सहभागाने सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत एचपीव्हीची एकच चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आपल्याच मातीतला हा पुरावा आपण किती जणांनी आपल्या दवाखान्यात आणला? पुण्यात तयार झालेली सर्व्हाव्हॅक लस २०२३ पासून बाजारात आहे. नऊ ते चौदा वयात ती देताना आईबापांना कर्करोगाची लस म्हणा, गैर काही नाही. पण मुलगी मोठी होऊन विचारेल तेव्हा पुरतं उत्तर द्या.

रघुनाथ धोंडो कर्वे हे काही डॉक्टर नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते. 'समाजस्वास्थ्य' त्यांनी १९२७ पासून अखेरपर्यंत चालवलं, ज्या विषयांवर बोलायला आपण आजही कचरतो त्यांवर साध्या मराठीत लिहिलं आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. आपल्याला तर खटल्याची भीती नाही. दार लावलेली खोली आहे, समोर एकच माणूस आहे आणि विचारण्याचा अधिकार पदवीने दिलेला आहे.

त्या बाईंचं पुढे काय झालं, तेही सांगते. चौथ्या खेपेला मी त्यांची संमती मागितली. त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "तुम्हीच सांगा त्यांना, माझ्याच्याने होणार नाही." यजमानांनी निमूट ऐकलं आणि गोळी घेतली. ती तक्रार परत आली नाही. वर्षभराने बाई आपल्या जावेला घेऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "हिला तुम्हीच विचारा, ती आपणहून सांगायची नाही."