नोंदवहीतला रिकामा रकाना

आजपासून सिस्टर म्हणवल्या जाणाऱ्या माझ्या लेकींनो,

मघाशी हातात दिवा धरून तुम्ही शपथ घेतलीत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा दिवा साऱ्या जगाला ठाऊक आहे. मला त्यांची नोंदवही जास्त जवळची वाटते. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ साली त्या तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी दवाखान्यात पोचल्या, तेव्हा सैनिक जखमांपेक्षा हगवण, कॉलरा अशा रोगांनीच जास्त मरत होते. बाईंनी हे मृत्यू मोजले, आकृत्या काढून सरकारपुढं ठेवले. हिंदुस्थानात त्या कधीच आल्या नाहीत. तरी इथल्या छावण्यांना प्रश्नावल्या पाठवून त्यांनी विचारलं, पिण्याचं पाणी कुठून येतं, घाण कुठं जाते? इथल्या लष्कराच्या आरोग्याविषयीच्या शाही आयोगाच्या १८६३ च्या अहवालामागं ती उत्तरं होती.

आपल्याकडं मात्र बाईनं परक्याच्या अंगाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, हेच कुणाला पटत नव्हतं. रमाबाई अकराव्या वर्षी न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. त्याच रमाबाईंनी १९०९ साली गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीनं पुण्यात सेवासदन ही बायकांसाठीची संस्था उभी केली. १९११ पासून तिथल्या बायका ससून रुग्णालयात परिचारिकेचं काम शिकू लागल्या. त्यांत विधवा होत्या. विचार करा लेकींनो! शुभकार्याला निघताना जिचं तोंड दिसलं तरी लोक माघारी फिरायचे, ती आता बाळंतिणीच्या उशाशी उभी राहणार होती, जन्मलेलं बाळ आधी हातात घेणार होती. वर स्वतःच्या कमाईचा पैसा. मला हे कुठल्याही कायद्याइतकंच मोठं वाटतं.

मी नर्स म्हणून नोकरीला लागले तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता, आपण परभणीत होतो. उपकेंद्रात एक गरोदर बाई आली, चौथा महिना. हिमोग्लोबिन भरलं सात ग्रॅम. गोळ्या दिल्या, रजिस्टरात लिहिलं, पुढच्या महिन्यात ये म्हणून बजावलं. दिवाळी झाली आणि ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली. मुकादमाकडून उचल घेतलेली होती, थांबणार कशी? पुढच्या तपासणीचे रकाने रिकामेच राहिले. ती कोणत्या कारखान्यावर गेली, हे मी विचारलंच नव्हतं. ती चूक माझी. अजून तिचा चेहरा आठवतो.

त्यानंतर दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास मी तांड्या-वस्त्यांवर जाऊन ऊसतोडीला निघणाऱ्या गरोदर बायांची यादी करू लागले. यादी दाखवली की डॉक्टरांनाही उत्तर द्यावं लागायचं, कारण नावं आणि महिने कागदावर असायचे. आपलं म्हणणं ऐकून घेत नाहीत, अशी तक्रार तुम्हीही एक दिवस कराल. त्या दिवशी रजिस्टर उघडून पुढं ठेवा.

इथं कुरुंद्यात हळद शिजवणाऱ्या बाया आहेत, आणि कोयता घेऊन निघणाऱ्याही. दिवाळीआधी त्यांच्या घरी जा. माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत आहे का, हे पिशवी उघडून बघा. कारखान्याचं नाव लिहून घ्या. आणि हो, मुकादमाचा फोन नंबरही.