नोकरी आणि मनःस्वास्थ्य
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



आपल्या ज्ञातीतील बहुसंख्य कुटुंबांचा चरितार्थ आज नोकरीवर चालतो. बँका, सरकारी कचेऱ्या, कारखाने आणि संगणक-व्यवसाय यांत आपली मुले-मुली कर्तृत्व गाजवीत आहेत, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु वेतनाबरोबर घरात चिंताही येऊ लागली आहे, हे कोणास नाकारता येईल?

ही चिंता केवळ मनाची नाही. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, आठवड्यास ५५ तास वा त्याहून अधिक काम करणाऱ्यांस, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेने, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृद्रोगाने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्के अधिक असतो.

वरिष्ठांवर जबाबदारी अधिक, म्हणून ताणही त्यांनाच अधिक, असा आपला समज असतो. लंडनमधील सरकारी नोकरांची व्हाइटहॉल पाहणी १९६७ साली सुरू झाली, तेव्हा उलटेच आढळले. हृद्रोगाने होणारे मृत्यू खालच्या श्रेणीत अधिक होते. १९८५ पासूनच्या दुसऱ्या पाहणीत असे दिसले की, आपले काम कसे व केव्हा करावे हे ठरविण्याची मुभा ज्यांना अल्प, त्यांना हृद्रोगाचा धोका अधिक.

अलीकडे कित्येक संस्था कर्मचाऱ्यांसाठी योगवर्ग, ध्यानवर्ग व ताणमुक्तीची शिबिरे भरवितात. हेतू स्तुत्य आहे. परंतु ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या माहितीवर आधारलेला जो अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला, त्यात अशा वर्गांस जाणारे कर्मचारी न जाणाऱ्यांपेक्षा अधिक सुखी आढळले नाहीत. याचा अर्थ योग निरुपयोगी आहे असा नव्हे. अपुरी माणसे, अनिश्चित वेळा आणि उर्मट वरिष्ठ तसेच ठेवून कर्मचाऱ्यास श्वास रोखावयास शिकविणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा होय. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शनात कामाची रचना सुधारणे व अधिकाऱ्यांस प्रशिक्षण देणे यांनाही स्थान आहे.

हे तत्त्व आपणांस नवे नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणीकामगारांची संघटना उभारली आणि १० जून १८९० रोजी साप्ताहिक सुटी मान्य झाली. कामगारांस सहनशीलतेचा उपदेश करून ते थांबले नाहीत. त्यांनी विश्रांतीचा दिवस मिळवून दिला.

आपल्यापैकी जे अधिकारी वा व्यावसायिक आहेत, त्यांस माझी विनंती की, कोणताही आरोग्यवर्ग सुरू करण्यापूर्वी हाताखालच्या माणसांस विचारावे, ‘तुम्हांस कोणत्या गोष्टीचा जाच होतो?’ कामाची वाटणी न्याय्य करावी, रजा मागणाऱ्यास अपराधी वाटू देऊ नये, आणि रात्री घरी दूरध्वनी करण्याचा मोह आवरावा.

आणि कुटुंबीयांस काय सांगू? वधुवरांच्या नोंदवहीत आपण मासिक वेतनाचा आकडा आवर्जून पाहतो. तो मनुष्य घरी किती वाजता येतो, हे विचारीत नाही. मुलाने ‘सहन होत नाही’ असे म्हटले, तर ‘आमच्या वेळी’ म्हणून त्यास गप्प करू नका. त्याचे ऐकून घ्या. आवश्यक वाटल्यास वैद्यांचा सल्ला घ्या. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मराठीतही बोलता येते. त्यात कमीपणा नाही.

आपल्या मंडळातील सेवानिवृत्त मंडळींनी महिन्यातून एक सायंकाळ नोकरदार तरुणांचे ऐकण्यासाठी राखून ठेवावी, अशी सूचना मी कार्यकारिणीपुढे ठेवतो. नोकरी संसारासाठी आहे. संसार नोकरीत होमून टाकण्यासाठी नव्हे.