बाइसिकल आणि परोपकार



आपलें पुणें एके काळीं बाइसिकलींचें शहर म्हणून प्रसिद्ध होतें. या साध्या वाहनानें केवढें सत्कार्य साधतें, याचें एक उदाहरण आज आपण पाहूं. वरोऱ्यानजीक आनंदवनांत कुष्ठरोग्यांची सेवा करणारे बाबा आमटे यांनीं डिसेंबर १९८५ मध्यें कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा काढिली. १०० हून अधिक तरुण-तरुणी बाइसिकलींवर होतीं. मणक्याच्या विकारामुळें बसणेंही अशक्य झालेले बाबा वाहनांत निजून त्यांच्यासवें गेले. १९८८ मध्यें दुसरी यात्रा ईशान्येकडील इटानगराहून गुजरातच्या रुक्ष किनाऱ्यावरील ओख्याकडे निघाली.

हेतु द्रव्य जमविण्याचा नव्हता, दुरावलेलीं मनें जोडण्याचा होता. बाइसिकलस्वारास वाटेंत पाणी मागावेंच लागतें. रुक्ष प्रदेशांत तर त्यावांचून पुढें जाणेंच नाहीं. अशा रीतीनें देणारा घेणाराही होतो, आणि उपकाराचा ताठा गळून पडतो.

ज्युबिलीनिमित्त आपण दीनांसाठीं निधि जमवूं, तेव्हां मदत दाराशीं ठेवून परतूं नये. त्या घरीं क्षणभर बसावें, आणि त्यांनीं पुढें केलेला पाण्याचा पेला आनंदानें घ्यावा.