परक्याची छत्री

रायपुरातील चौबे कॉलोनी मराठी माणसाला परकी वाटावी अशी वस्ती नव्हे. तेथील महाराष्ट्र मंडळाच्या वास्तूत पाऊल टाकले की वऱ्हाडी वळणाचे मराठी कानी पडते. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या मुलखात मराठी कुटुंबे येत राहिली. कोणी कचेरीत चिकटला, कोणी शाळेत, कोणी रेल्वेत, तर 1955 नंतर कोणी भिलाईच्या पोलाद कारखान्यात. बहुतेकांचा चरितार्थ नोकरीचा. पहिल्या तारखेला पगार आणि शेवटी निवृत्तिवेतन, एवढ्या दोन खुंट्यांवर त्यांचे आयुष्य निश्चिंतपणे टांगलेले असे.

त्याच घरातील नातू आज माडीवर संगणकापुढे बसून दूरच्या शहरातील एखाद्या कारखान्याच्या नळमार्गांचे आराखडे काढतो. तो नोकर कोणाचा, असे आजोबांनी विचारले तर उत्तर देणे सोपे नाही. काम सांगतो एक, पगार देतो दुसरा. मधल्या कंपनीचा व्यवसायच मुळी माणसे आपल्या हजेरीपटावर ठेवून ती इतरांना पुरविण्याचा. इंग्लंडात याच्याशी मिळत्याजुळत्या संस्थेला ‘अम्ब्रेला कंपनी’ म्हणतात. छत्रीची ही उपमा मार्मिक आहे. पाऊस अंगावर येत नाही हे खरे. पण दांडा दुसऱ्याच्या हाती असतो, आणि वळायचे ते त्याच्याबरोबरच.

ही छत्री फुकटही नसते. भविष्य निर्वाह निधीत मालकाचा म्हणून जो 12 टक्क्यांचा हिस्सा पडतो, तो बहुधा ठरलेल्या रकमेतूनच निघालेला असतो. मध्यस्थाचा मोबदला वेगळाच. म्हणून चार-पाच वर्षांनी या आराखडेकाराच्या मनात येते: आपलीच कंपनी का काढू नये?

पूर्वी हे एकट्याला शक्य नव्हते. 1956 च्या कायद्याप्रमाणे खाजगी कंपनीला निदान दोन सभासद लागत. मग बायकोच्या किंवा भावाच्या नावावर एक भाग टाकून ही अट उरकली जाई. डॉ. जमशेद इराणी यांच्या समितीने 2005 साली एका माणसाच्या कंपनीची शिफारस केली आणि 2013 च्या कायद्याने ती मान्य केली. भांडवल 50 लाखांवर किंवा उलाढाल 2 कोटींवर गेली की रूप बदलण्याची सक्ती होती, तीही 1 एप्रिल 2021 पासून उठली. आता चौबे कॉलोनीतल्या माडीवरून अर्ज करावा आणि हरियाणातील मानेसरच्या मध्यवर्ती केंद्रातून प्रमाणपत्र यावे, इतके काम सुलभ झाले आहे.

सुलभ झाले ते जन्माचे, नांदविण्याचे नव्हे. नोकरदार घरातल्या माणसाला सर्वांत अवघड जाते ती गोष्ट अशी की कंपनीच्या खात्यातला पैसा त्याचा नसतो. भाग सगळे त्याचे, संचालक तो, काम करणाराही तोच. तरी घरच्या किराण्यासाठी त्या खात्यात हात घालता येत नाही. पगार म्हणून घ्यावा, नाहीतर लाभांश म्हणून. लाभांशावर तर दुहेरी कात्री: नफ्यावर कंपनीने सवलतीच्या दराने अधिभारासह 25.17 टक्के भरायचे, आणि उरलेले वाटले की 2020 पासून घेणाऱ्यानेही आपल्या उत्पन्नात धरायचे. पत्नीला पगार दाखवून भार हलका करावा, तर तिला त्या कामाचे तांत्रिक किंवा व्यावसायिक ज्ञान नसल्यास ती रक्कम बहुधा नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळविली जाते. उलाढाल कितीही लहान असो, हिशेबतपासनीस नेमावाच लागतो. वार्षिक विवरणपत्र चुकले की प्रत्येक पत्रामागे दिवसाला 100 रुपये. विसराळू माणसाने या वाटेला जाऊ नये हे बरे.

मग कंपनी हवीच कशाला? एकच ग्राहक असलेल्या अभियंत्याने स्वतःच्या नावाने बिले करावीत, हा मार्ग पुष्कळदा शहाणपणाचा ठरतो. व्यावसायिकाची वार्षिक जमा 75 लाखांपर्यंत असून रोखीचा भाग 5 टक्क्यांहून अधिक नसेल, तर निम्मी जमा नफा मानून कर भरता येतो. ही सोय कंपनीला नाही. सेवेची जमा 20 लाखांवर गेली की वस्तू व सेवा कराची नोंदणी तर दोघांनाही करावी लागते.

तरीही कंपनीकडे ओढ असते. मोठे कारखाने पुष्कळदा एकट्या माणसाशी करार करावयास नाखूष असतात, आणि चुकलेल्या आराखड्याची भरपाई राहत्या घरापर्यंत येऊ नये ही भीती रास्त आहे. कंपनी हा वेगळा देह आहे, हे लंडनच्या एका बूट बनविणाऱ्या सॉलोमनच्या खटल्यात 1896 साली ठरले. बँक मात्र कर्ज देताना मालकाची व्यक्तिगत हमी मागते आणि कायद्याने उभारलेली भिंत एका सहीने पाडते, हा भाग निराळा.

या वेगळेपणाची खरी कसोटी न्यूझीलंडात लागली. विमानातून शेतांवर खत टाकणाऱ्या लीची कंपनी होती. 3000 भागांपैकी 2999 त्याचे. 1956 मध्ये काम करीत असतानाच विमान कोसळून तो गेला. मालक तोच, मग तो नोकर कसा, असे म्हणून विधवेला भरपाई नाकारण्यात आली. 1960 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मात्र कंपनी वेगळी, ली वेगळा, सबब तो तिचा नोकरच, असा निर्णय दिला.

आपल्याकडेही या कंपनीच्या घडणीत मृत्यूचा विचार पहिल्याच कागदावर येतो. एकट्या सभासदामागून कंपनी कोणाकडे जाईल, त्या माणसाचे नाव आणि त्याची लेखी संमती नोंदणीच्या वेळीच द्यावी लागते. नाव बहुधा पत्नीचे. अशा घरात दिवे लागल्यावर ते संमतिपत्र पुढे येते, तेव्हा कराच्या टक्क्यांपेक्षा निराळेच प्रश्न निघतात. पैसे थकले तर? लघुउद्योगाची नोंदणी असल्यास 2006 च्या कायद्याने 45 दिवसांत पैसे मिळावयास हवेत, असे तो सांगतो. नाही मिळाले तर भांडायला कोण जाणार, असे ती विचारते. आजारपणाचा विमा? तो आजवर मधल्या कंपनीचा होता. आता स्वतः काढावा लागेल. निर्वाह निधी? 20 माणसे नसलेल्या आस्थापनेला तो कायदा आपोआप लागू होत नाही.

ती कागद पुन्हा एकदा वाचते आणि सही करते. पण त्याआधी एक अट घालते. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडल्याशिवाय जुन्या कंपनीला राजीनाम्याचे पत्र जायचे नाही.