पावडरीचा गुण की धोक्याची खूण?



मागे निफाड तालुक्यातल्या आमच्या एका बचत गटाच्या बैठकीत एका ताईने वजन उतरवायच्या पावडरीचा डबा आणला. "पूर्ण आयुर्वेदिक आहे. गटाने विक्रीला घ्या, डब्यामागे कमिशन मिळेल," म्हणाली. ओळखीची बाई, म्हणून मीही लगेच नाही म्हटलं नाही.

गटातल्या एका वहिनींनी आधी स्वतः घेऊन पाहिली. आठवड्यात सांगू लागल्या, "भूकच लागत नाही. दिवसभर द्राक्षबागेत राबले तरी थकवा नाही!" आम्हाला वाटलं, गुण आला. मग त्यांची झोप उडाली, तोंडाला कोरड पडू लागली, छातीत धडधड होऊ लागली. आशाताई त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या, तर बीपी खूप वाढलेलं. डॉक्टरांनी पावडर बंद करायला लावली.

त्या डब्यात काय होतं, ते प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण असे प्रकार घडलेले आहेत. सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं औषध पूर्वी डॉक्टर वजनासाठी देत. त्याने नाडी आणि बीपी वाढतं, हृदयविकाराच्या झटक्याचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून भारतात २०११ साली त्यावर बंदी आली. तरी 'हर्बल' म्हणून विकलेल्या गोळ्या-पावडरींत ते अनेक देशांत पुन्हा पुन्हा सापडलं. लेबलवर त्याचं नाव नसतं. जिमला जाणारी मुलं व्यायामाआधी जी पावडर घेतात, तीतही डीएमएए नावाचं उत्तेजक सापडलेलं आहे.

म्हणून एवढं लक्षात ठेवा. भूक मेली, झोप गेली, अंगात एकदम जोर आला, तर त्याला गुण म्हणू नका. ती धोक्याची खूण असू शकते. पावडर थांबवा आणि डबा घेऊनच डॉक्टरांकडे जा. बीपीची गोळी चालू असेल, दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर अशा पावडरीच्या वाटेलाच जाऊ नका.

डब्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना नंबर पाहा. नंबर नसेल तर घेऊच नका. पण नंबर आहे म्हणजे आत काही लपवलेलं नाही, असंही समजू नका. लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. पावती मागा, डबा जपून ठेवा. संशय आला तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या टोल फ्री नंबरवर तक्रार करा.

आम्ही विक्रीला नकार दिला. ती ताई अजून माझ्याशी नीट बोलत नाही, त्याचं वाईट वाटतं. पण गटाच्या नावावर बायका डोळे झाकून विश्वास ठेवतात. आत काय आहे हे आपल्यालाच ठाऊक नाही, ती वस्तू त्यांच्या हातात कशी द्यायची?

पुढच्या बैठकीत हे सगळ्यांना सांगा.