जोखीम आणि अर्धा हिशेब
(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)



आपला कुणबी भित्रा, नवें कांहीं करा म्हटलें कीं मागें सरतो, असें शिकलेली मंडळी म्हणतात. मला तें पटत नाहीं. पगारदाराची चूक झाली तर त्याला साहेबाचीं बोलणीं खावीं लागतात. तुमची चूक झाली तर दावणीचा बैल जातो. तुमची भीति हा हिशेबच आहे. मात्र तो अर्धा आहे. नवें केल्यास काय बुडेल तें आपण मोजतों. जुनेंच रेटल्यानें दरसाल काय बुडतें तें मोजीत नाहीं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ च्या सुमारास बेळगांवांत लोखंडी नांगर केला. लोखंडानें जमीन नासते अशी लोकांची समजूत. दोन वर्षें नांगर पडून राहिले असें सांगतात. शेतकऱ्यांना हंसूं नका. लांकडी नांगर गांवचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करी. लोखंडी मोडला तर जावें कोठें? पण त्याच नांगरांवर पुढें १९१० सालीं किर्लोस्करवाडी उभी राहिली.

आतां माझेंच सांगतों. मी जातीनें व धंद्यानें सुतार. यंत्राची करवत प्रथम घेतली ती कर्ज काढून, कोणास न विचारतां. काम मिळेना, दोन वर्षें नुसतें व्याज भरलें, अखेर ती पडत्या भावानें विकली. (माझे वडील एक शब्द बोलले नाहींत, तेंच जास्त लागलें.) पुढें शेजारच्या गांवीं महिनाभर दुसऱ्याच्या यंत्रावर राबलों. हात बसला, गिऱ्हाईक किती येतें तें कळलें, मग दुसरी घेतली. छाती तेव्हांहि धडधडली, पण कमी.

एकट्यास न पेलणारें काम पुष्कळांनीं मिळून करावें. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनीं प्रवरेकांठच्या शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले, धनंजयराव गाडगिळांसारखा अर्थशास्त्रज्ञ सोबत घेतला, आणि १९५० च्या अखेरीस शेतकऱ्यांच्या साखर कारखान्याचें गाळप सुरू झालें. एकानेंच घरदार गहाण टाकलें असतें तर लोकांनीं त्याला वेडा म्हटलें असतें.

तर येत्या मृगाला नवें बीं सगळ्या रानांत नको, चार गुंठ्यांत घाला. शेजारीं जुनें ठेवा, दोन्हींचा खर्च व उतारा लिहून काढा. आणि पेरण्याआधीं घरधनिणीला विचारा. कणगींतला दाणा किती महिने पुरेल हें तिच्याइतकें कोणास ठाऊक नसतें.