अंडं-पावाची न्याहारी



आज तुमच्याशी बोलायचं आहे ते न्याहारीविषयी. विषय साधा आहे, पण सुरुवात मात्र जरा काळजीच्या गोष्टीने करते.

मी एका खेड्यातल्या शाळेत शिकवत होते तेव्हाची गोष्ट. सकाळची प्रार्थना चालू होती आणि सातवीतली एक मुलगी मटकन खाली बसली. तिला सावलीत नेलं, पाणी दिलं, विचारलं, “सकाळी काय खाल्लंस गं?” ती म्हणाली, “चहा घेतला, बाई.” “आणि चहाबरोबर?” तर मान खाली घातली. आई सातच्या आत दुसऱ्याच्या रानात कामाला गेलेली. आदल्या रात्री आठला जेवलेली पोर, शाळेतला आहार मिळणार दुपारी बाराला. गुरुजनहो, तुम्ही हिशोब करा. आठ ते बारा, सोळा तास झाले. एवढा वेळ रिकाम्या पोटी बसलेल्या मुलाला आपण त्रैराशिक शिकवतो, आणि त्याला ते येत नाही म्हणून रागावतो.

त्याच मुलीने पुढे एकदा मला मोबाईलवरचं एक चित्र दाखवलं. गोल पाव, त्यात गोल अंडं, वर पिवळ्या चीजची वितळलेली चकती. म्हणाली, “बाई, हे घरी होतं का हो?” मी म्हटलं, “बघू या की.” त्या ‘बघू या’तून जे शिकायला मिळालं, तेच आज सांगते.

आधी हा पदार्थ आला कुठून ते पाहू. अमेरिकेत मॅकडोनल्ड्स नावाची मोठी खाद्यपेढी आहे, तुम्ही नाव ऐकलं असेल. 1996 साली ती भारतातही आली, दिल्लीत आणि मुंबईत तिची दुकानं निघाली. या पेढीची अमेरिकेतली दुकानं पूर्वी सकाळी बंदच असायची, कारण विकायचं ते दुपारचं आणि रात्रीचं खाणं. कॅलिफोर्निया प्रांतातल्या सांता बार्बरा गावी हर्ब पीटरसन नावाचे गृहस्थ तिचं दुकान चालवत. त्यांना एक जुनी न्याहारी फार आवडायची. भाजलेल्या पावाचे दोन अर्धे, त्यावर डुकराच्या मांसाचा काप, वर पाण्यात शिजवलेलं अंडं, आणि त्यावर लोणी, अंड्याचा बलक नि लिंबू यांची पातळ चटणी. खायला रुचकर, पण काट्याचमच्याशिवाय खाता येणार नाही. कामावर निघालेल्या माणसाच्या ती काय कामाची?

पीटरसन यांनी विचार केला, की हीच न्याहारी हातात धरून खाता आली तर? पातळ चटणी काढली आणि तिच्या जागी चीजची चकती घातली. अंडं पसरू नये म्हणून टेफ्लॉनचा लेप दिलेल्या कड्यात ते शिजवलं, म्हणजे बरोबर पावाएवढं गोल झालं. ही गोष्ट 1971-72 च्या सुमाराची. पेढीचे प्रमुख रे क्रॉक यांनी ते चाखलं आणि त्यांना पटलं. 1975 सालापासून ते अमेरिकाभर मिळू लागलं.

आता तुम्ही म्हणाल, “बाई, ऑम्लेट-पाव तर आमच्या एस. टी. स्टँडवर कधीपासून मिळतो!” अगदी खरं. पाव पोर्तुगीजांबरोबर आला आणि शब्दही त्यांच्याच भाषेतला. गोव्यात चोरिस-पाव खातात. मुंबईच्या इराणी हॉटेलांतून बन-मस्का आणि ऑम्लेट मिळत आलं. तेव्हा अंडं आणि पाव यांची सोयरीक आपल्याला नवी नाही. मग नवं ते काय? नवी आहे ती बेतशुद्धता. प्रत्येक गोष्टीचं माप ठरलेलं, वेळ ठरलेली, आणि प्रत्येक गोष्टीमागे कारण. ती कारणं कळली की पदार्थ आपल्या हातात आला.

आमचा पहिला प्रयत्न पार फसला, तोही सांगते. कडं मिळेना म्हणून कांद्याची जाड चकती कापून तिचं बाहेरचं वळं तव्यावर ठेवलं. युक्ती चांगली होती. पण तवा धगधगीत तापलेला. अंडं खालून करपलं, वरून कच्चं राहिलं, उलटायला गेलो तर फाटलं. पाव तसाच थंड घेतला होता, तो ओला गिचका झाला. पोरं हसली, मीही हसले. मग एकेक चूक धरून कारण शोधलं.

पहिली गोष्ट विस्तवाची. अंड्याचा पांढरा भाग साधारण 62 अंश सेल्सिअसच्या पुढे घट्ट होऊ लागतो आणि पिवळा बलक 65 ते 70 अंशांच्या दरम्यान. पाणी उकळतं 100 अंशांना. म्हणजे अंडं शिजायला उकळत्या पाण्याइतकीही उष्णता लागत नाही! जाळ मोठा केला की अंड्यातलं पाणी बाहेर पडतं आणि ते रबरासारखं चिवट होतं. म्हणून आच मंद हवी.

दुसरी गोष्ट वाफेची. अंडं उलटायचंच कशाला? तव्यावर चमचाभर तेल, त्यावर कडं, कड्यात अंडं. अंडं आधी वाटीत फोडून घ्यावं, म्हणजे खराब निघालं तर तव्यावरचं बिघडत नाही. चमच्याच्या टोकाने बलक फोडावा. मग कड्याच्या बाहेर दोन चमचे पाणी शिंपडून वर झाकण ठेवावं. खालून तवा शिजवतो आणि वरून वाफ. तीन-चार मिनिटांत अंडं होतं. मुलांसाठी मात्र बलक पुरा घट्ट होऊ द्यावा. कच्च्या अंड्यात रोगाचे जंतू असू शकतात, म्हणून अंडं फोडल्यावर हातही साबणाने धुवावेत.

तिसरी गोष्ट पावाची. पाव मधोमध चिरून, आतल्या बाजूंना लोणी किंवा तूप लावून, तो तव्यावर तांबूस भाजावा. भाजल्याने वर खरपूस पापुद्रा येतो आणि स्निग्ध पदार्थ पाणी आत शिरू देत नाही. त्यामुळे पाव गिचका होत नाही. चीजची चकतीही पावाला आणि अंड्याला धरून ठेवते, शिवाय मीठ आणि स्निग्धता पुरवते. गावात चीज मिळत नसेल तर अडून बसू नका. शेंगदाण्याचं कूट घालून कोथिंबिरीची घट्ट चटणी वाटा, तीच हे काम करते. चटणी पातळ मात्र नको.

चौथी गोष्ट मला सर्वात गमतीची वाटली. दुकानात हा पदार्थ कागदात गुंडाळून देतात. आपल्याला वाटतं, हात खराब होऊ नयेत म्हणून. पण त्या गुंडाळण्यात एक मिनिट वाफ कोंडते, तिने पाव मऊ पडतो, चीज वितळतं आणि सगळं एकजीव होतं. घरी स्वच्छ फडक्यात गुंडाळावं किंवा केळीच्या पानात. वर्तमानपत्राच्या कागदात मात्र कदापि गुंडाळू नये. छपाईची शाई अन्नात उतरते, ती आरोग्याला घातक असते.

हे सगळं झाल्यावर माझ्या मनात एक प्रश्न आला. आपण अंडं गोल करायला एवढी धडपड का करतोय? त्यांचा पाव गोल आहे म्हणून त्यांचं अंडं गोल. आपला लादी पाव चौकोनी! मग अंडं चौकोनी का नको? एक अंडं, चिमूटभर मीठ, थोडा कांदा, हळद, मिरची घालून फेटलं, तव्यावर पातळ पसरलं आणि वरचा भाग जमत आला की चारही बाजूंनी पाकिटासारखं दुमडलं. बरोबर पावाएवढा चौकोन झाला. कडं नको की साचा नको. नक्कल करायची तर मागच्या कारणाची करावी, वरच्या आकाराची नव्हे, हे मला त्या दिवशी तव्यापाशी समजलं.

कुणाला हौस असेल तर तो गोल पावही घरी होतो. तो भट्टीत नव्हे, तव्यावरच भाजतात. अडीचशे ग्रॅम मैदा, किंवा निम्मा मैदा आणि निम्मी कणीक, एक लहान चमचा कोरडं यीस्ट, एक चमचा साखर, एक लहान चमचा मीठ, आणि अंदाजे पाऊण पेला कोमट दूध-पाणी. मऊ भिजवून चांगलं मळावं, दीड तास झाकून ठेवावं. फुगून दुप्पट झालं की सहा गोळे करावेत, रव्यात घोळवून चपटे करावेत आणि अर्धा तास पुन्हा ठेवावेत. मग मंद तव्यावर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी सात-आठ मिनिटं भाजावेत. हा पाव सुरीने चिरू नये, काट्याने कडेकडेने टोचून हाताने उकलावा. मग आतली बाजू खडबडीत राहते आणि लोणी त्या खळग्यांत मुरतं. पण हे सुट्टीच्या दिवशीचं काम. रोज सकाळी यात पडू नका.

रोजचं काम सोपं होतं ते रात्रीच्या तयारीने. पाव आणून ठेवावा, चटणी वाटून झाकावी, कांदा चिरून ठेवावा. सकाळी तवा तापला की सहा-सात मिनिटांत न्याहारी तयार. घरात पोरं जास्त असतील किंवा वसतिगृहात पंचवीस-तीस जणांचं करायचं असेल, तर लहान वाट्यांना आतून तेल लावून प्रत्येकीत एक अंडं फोडावं आणि इडलीच्या भांड्यात वाफवावं. आठ-दहा मिनिटांत सगळी अंडी एकदम होतात. हा पदार्थ गरम असतानाच खावा. दुपारच्या डब्यात तासन्‌तास, विशेषतः उन्हाळ्यात, कोंडून ठेवू नये.

एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं असतात. वाढत्या वयाच्या मुलाला ती फार मोलाची. नुसत्या चहा-बिस्किटावर गेलेलं पोर तासाभरात पुन्हा भुकेजतं. अंडं खाल्लेल्याला आधार जास्त वेळ राहतो. ज्या घरात अंडं चालत नाही, किंवा वारामुळे, श्रावणामुळे चालत नाही, त्यांनी मुळीच वाईट वाटून घेऊ नये. डाळीच्या पिठाचं जाडसर धिरडं करा, पावाएवढं दुमडा, बाकी कृती तीच. प्रथिनं डाळीतही असतात.

गुरुजनहो, तुमच्यासाठी यात पाठही आहे. अंडं पाण्यात टाकून पाहा. ताजं अंडं तळाशी आडवं पडतं, जुनं उभं राहतं, फार जुनं तरंगतं. कारण दिवसागणिक आतलं पाणी कवचाच्या बारीक छिद्रांतून उडतं आणि हवेचा कप्पा वाढतो. कवचातून हवा जाते-येते, हे मुलांना असं दाखवलं की विसरत नाहीत. गणितासाठी तुमच्याच गावचा भाव घ्या. एका अंड्याचा, एका पावाचा, चटणीचा खर्च मुलांना काढू द्या. मग शहरातल्या दुकानातली किंमत फळ्यावर लिहा आणि तेवढ्यात घरी किती होतील विचारा. भागाकार आनंदाने करतील.

आता त्या मुलीचं काय झालं, ते सांगून संपवते. शाळेत शिकलेलं तिने घरी आईला सांगितलं. आठवड्याने आई मला बाजारात भेटली. मी विचारलं, “जमलं का हो?” ती म्हणाली, “बाई, पाव रोज कुठला आणायचा? मी रातच्या चपातीतच केलं.” तव्यावर फेटलेलं अंडं पसरायचं, ओलं असतानाच त्यावर रात्रीची चपाती दाबायची, चिकटली की उलटायची, चटणी लावून गुंडाळी करायची आणि पोरीच्या हातात द्यायची. रानात जायच्या आधी पाच मिनिटांत होतं, म्हणाली. पोर ते खात खात शाळेला येते.

मी तिला बेत शिकवायला निघाले होते. त्या बाईने माझ्या बेतातला पावही काढून टाकला, साचाही काढून टाकला, आणि जे कामाचं होतं तेवढंच ठेवलं. हातात धरून खाता येणारं, पोटाला आधार देणारं, पाच मिनिटांत होणारं. सांता बार्बराच्या त्या दुकानदाराने तरी दुसरं काय केलं होतं?

तेव्हा मायबहिणींनो, पाव असो, चपाती असो, भाकरी असो, सकाळी पोराच्या पोटात काहीतरी भरीव जाऊ द्या. आणि गुरुजनहो, उद्या हजेरी घेताना एक प्रश्न जास्तीचा विचारा. “आज सकाळी काय खाऊन आलास?” उत्तर मिळेल ते नीट ऐका, आणि गरज दिसली तर त्या घरी एकदा जाऊन या.